सात नंबरचा ओटा

माझ्या आज्यानं एकदा पाटलाच्या घरची गादी भरली. कापूस इतका फुलवला, इतका फुलवला, की पाटील गादीवर पडला तो आतच बुडाला. घरच्यांनी तीन दिवस शोधला आणि शेवटी विहिरीतली बादली काढायचा गळ टाकून त्याला वर ओढला. ही गोष्ट मी उंद्रीच्या बाजारात सांगितली तेव्हा एकानं विचारलं, "मंग तीन दिवस पाटील श्वास कसा घेत होता?" मी म्हटलं, "घेतच नव्हता. श्वास घ्यायले त्याच्यापाशी नोकर होता."

मी गफ्फार पिंजारी. उंद्रीपासून कोसभरावर आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी माझं गाद्यांचं आणि पांघरायच्या लेपांचं दुकान. कापूस पिंजायची धनुकली खुंटीला लागून वीस वर्षं झाली, आता यंत्रानं पिंजतो. पण खरं सांगायचं तर लोक माझ्याकडं गादीसाठी कमी आणि थापांसाठी जास्त येत. गावात म्हणच होती, गफ्फारच्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या. मला त्याचा अभिमान होता. आता पुढं जे लिहितो आहे, त्यात बुडालेला पाटील वगैरे कोणी नाही.

भगवंतराव माझा लहानपणचा दोस्त. त्याचं पाच एकर वावर नाल्याच्या काठाला, काळंभोर आणि तव्यासारखं सपाट. सगळी कपाशीची पऱ्हाटी. बीटीचं बियाणं नवीन आलं तेव्हा बोंडं अशी धरली की मी बाजारात सांगायचो, भगवंताच्या वावरात एक बोंड तोडायला दोन माणसं लागतात, एक तोडायला आणि एक बोंडाची माफी मागायला. त्या बियाण्याच्या मोठ्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं. ते साध्या सरकीचं. कडेनं पेरा, म्हणजे अळी तिकडं राहील, असं त्यावर लिहिलेलं. अळीच्या वाट्याचं पेरायचं हे काही कोणाला पटलं नाही. छोटी पाकिटं आम्ही उकिरड्यावर फेकली. पुढं अळीनं आपला वाटा मोठ्या पाकिटातून घेतला.

ज्या वर्षी गुलाबी अळीनं आमच्याकडची बोंडं आतून कोरली, त्या वर्षी फवारणीवर फवारणी चालू होती. भगवंताचा पोरगा प्रेम, तेवीस वर्षांचा. एकुलता एक. पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेलेली. ऑक्टोबरातल्या भर दुपारी वारा फिरला आणि फवारा उलटून त्याच्याच अंगावर आला. त्यानं पाठीवरचा पंप उतरवला, वावराच्या मधोमध खाली बसला आणि म्हणाला, "आई, पाणी दे. डोळ्यापुढं धुकं आलं." सोजरावहिनीनं तांब्या दिला. अर्धा तांब्या प्यायला. उरलेला अर्धा तिच्या हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

जाळलं त्याला गावच्या मसणवटीत. पण वहिनीचं मन तिथं नव्हतं. ती म्हणाली, "जिथं तो बसला तिथं मले ओटा पाहिजे." नाल्यातले दगड आणून, चिखलात बसवून, गुडघाभर उंच ओटा भगवंतानं बांधला. वहिनीनं आपल्या हातानं त्याला चुना दिला. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ सोडली तर पाच एकरांत झाड नाही, आणि मधोमध तो पांढरा ओटा. रोज सकाळी ती जायची आणि अर्धा तांब्या पाणी त्याच्यावर ओतायची. उरलेला. एक दिवस चुकला नाही. या बाईचं सगळं जगणं त्या हातभर जागेवर येऊन टेकलं होतं, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मग मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

संक्रांतीच्या आधी दयाराम हवालदार आमच्या गावात आला. जानेफळचा. फौजेत बावीस वर्षं, त्यातली निम्मी नकाशे वाचण्यात गेलेली. रिटायर होऊन आल्यावर तो पोरापोरींना नकाशादौड शिकवायचा. माझ्या दुकानात बसून त्यानं मला समजावलं.

"हे पाहा चाचा. हातात नकाशा अन् कंपास. रानात दहा झेंड्या, अर्धी पांढरी अर्धी नारंगी. कुठून जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, कोणाले विचारायचं नाही. दर झेंडीपाशी एक चिमटा राहते. त्यानं आपल्या कार्डावर टोचा पाडायचा. दहाही टोचे पाडून लवकर येईन तो पहिला."

"अन् पहिल्याले काय भेटते?"

"प्रमाणपत्र."

"म्हणजे कागद घेऊन धावायचं, अन् त्याच्यासाठी कागदच घ्यायचा?"

दयाराम हसला नाही. फौजेनं त्याचं हसू काढून घेतलं होतं, नाहीतर त्याचंच मूळचं नसेल. महिनाभर तो आमच्या शिवारात पायपीट करत होता. दर दोन पावलांना एक असं मोजत चालायचा, मध्येच थांबून कंपास धरायचा, फळीवरच्या कागदावर बारीक खूण करायचा. नाल्याची वळणं, धुरे, टेकाड, बुजलेली विहीर, एकुलती एक बाभूळ, सगळं. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. भगवंताच्या वावरात आल्यावर त्यानं ओट्यासाठी एक काळा ठिपका काढला, मोहरीपेक्षा लहान, आणि कागदाच्या कडेला लिहिलं, ओटा. आणि सात नंबरची झेंडी तिथंच धरली, कारण त्या सपाटीच्या मध्ये दुसरी खूणच नव्हती.

भगवंताकडं तो रीतसर विचारायला गेला. म्हणाला, "ओट्याले कोणाचा पाय लागणार नाही, पोरांले मी सांगून ठेवतो." भगवंतानं मान हलवली. "लावा," म्हणाला.

ग्रामपंचायतीतही दयारामनं सगळं खरंखरं सांगितलं होतं. पण ते कोणाला पटेना. तीसेक पोरं, देऊळगाव राजाहून नाहीतर चिखलीहून, गाडीभाडं घालून इथं येणार आणि आमच्या उपटल्या पऱ्हाटीतून झेंड्या शोधत धावणार, आणि त्यासाठी हा शहाणा माणूस महिनाभर वावरं मोजणार? थाप मारायची तर जरा बरी मारावी, असं लोकांचं म्हणणं.

रविवारच्या दौडीच्या आठ दिवस आधी दयारामनं दहाही जागांवर नारंगी फिती बांधून ठेवल्या. झेंड्या नंतर लागणार, फिती नुसत्या जागा धरायला. त्याच संध्याकाळी हिंमतराव दुकानात आला. हिंमतरावाला गावातलं सगळं आधी कळलं पाहिजे, नाहीतर त्याला जेवण जात नाही.

"गफ्फार, खरं सांग बे. हा फौजी काऊन मोजून राह्यला?"

मी लेपाला टाके घालत होतो. दाभण तोंडात होतं. ते काढलं आणि म्हटलं, "कोणाले सांगशील नाही न?"

"आईची आण."

"मेहकरकडून मोठा रस्ता चालला न, त्याचा एक फाटा इकडं येऊन राह्यला. फीत जिथं, रस्ता तिथं, अन् मोबदल्याचा पैसा बी तिथंच. रविवारी साहेब लोक पाहायले येतात. पोरं धावणार म्हणते ते वरवरचं."

एवढंच. तीस वर्षांत मी पाटील बुडवले, विहिरी उडवल्या, एकदा तर रेल्वे उंद्रीपर्यंत आणून परत नेली. कोणी विश्वास ठेवला नव्हता. ही एक थाप लोकांनी उचलली ती खरी म्हणूनच.

दुसऱ्या दिवसापासून फिती चालायला लागल्या. टेकाडावरची फीत माणिकरावाच्या वावरात निघाली. माणिकरावाची तूर अजून उभी होती, तरी त्यानं ती फीत तुरीच्या मधोमध काठीला बांधली होती, दुरून दिसावी म्हणून. विहिरीजवळची फीत एका दिवसात तीन वावरं फिरली. हिंमतरावाला एकही मिळेना, तर त्यानं बायकोच्या जुन्या पातळाची नारंगी कड फाडून बांधली. दयाराम रोज सकाळी येऊन फिती जागेवर लावायचा, आणि रोज संध्याकाळी त्या निघायच्या.

मी दुकानात बसून हसत होतो. माझ्या बायकोनं, सुगराबीनं, ते हसू पाहिलं.

"इसमें हसने जैसा क्या है जी?" ती म्हणाली. "इनके दादा एक बालिश्त, वीतभर धुऱ्यासाठी एकमेकांची डोकी फोडायचे. हे पोट्टे फीत ओढून म्हणून राह्यले, आमचं घ्या, आमचं घ्या. वावर नको झालं लोकांना. रोने की बात है."

माझं हसू थोडं कमी झालं. पण थाप मागं घ्यायची सवय मला नव्हती. पिंजलेला कापूस परत बोंडात कोण भरतो?

शुक्रवारी सुगराबी नाल्यावरून पाणी घेऊन आली आणि घागर खाली न ठेवताच म्हणाली, "सोजराबाई विचारत होती, ओटा हलवायचा असंन तर काही रीत राहते काय."

माझ्या हातातली सुई थांबली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दहा फितींपैकी नऊ रोज हलत होत्या. सात नंबरच्या फितीला कोणी हात लावला नव्हता. प्रेमच्या ओट्यावरून काही उचलायला कोणाचा हात धजला नव्हता. आणि भगवंता धुऱ्यावर बसून रोज तेच पाहत होता. बाकीच्या फिती फिरतात, माझी फिरत नाही. म्हणजे रस्त्याची खरी रेघ इथूनच.

शनिवारी उजाडताच मी वावरात गेलो. पऱ्हाटी उपटून एका कडेला ढीग लावला होता. धुऱ्याशी बैलगाडी उभी होती. भगवंता लोखंडी सब्बल घालून ओट्याचे दगड मोकळे करत होता आणि वहिनी एकेक दगड पदरानं पुसून बाजूला ठेवत होती.

"भगवंता, थांब," मी ओरडत गेलो. "रस्ता नाही येत बे. मी थाप मारली. हिंमतरावाले मीच सांगतलं."

त्यानं सब्बल टेकवली. माझ्याकडं पाहिलं आणि हसला. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"बस गफ्फार. धाप लागली तुले."

"अरे खरं सांगून राह्यलो! दयारामले विचार."

"विचारलं. तो बी नाहीच म्हणते. मोजणीवाले कधी हाव म्हणतात काय?"

"अल्लाची कसम."

"कसम नको खाऊ," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "मले बरं वाटावं म्हणून खोटं बोलून राह्यला तू. लहानपणापासून असाच आहेस. मले बापानं मारलं का तू गोष्ट सांगायचा. मले समजते."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो, आणि माझ्या जिवलग दोस्तानं ते माझं प्रेमाचं खोटं म्हणून पदरात घेतलं.

मी वहिनीकडं वळलो. तिनं मान वर केली नाही. "गफ्फारभाऊ," ती म्हणाली, "त्याच्या अंगावरून गाड्या नाही जाऊ देणार मी. दगड तरी घरी नेते."

खालच्या थरातला मोठा दगड दोघांनाही उचलेना. मग तो मी उचलला. हो, मीच. मी थांबवायला गेलो होतो, आणि ओट्याचा पाया मी गाडीत नेऊन ठेवला. ओटा गेला तरी खाली चौकोनी पांढरी खूण राहिली होती. दुपारी भगवंतानं ट्रॅक्टर बोलावून सगळं वावर नांगरून घेतलं.

"हे काऊन?" मी विचारलं.

"खूण राह्यली तर तिथं यंत्र चालताना पाहावं लागन," तो म्हणाला. "आता कुठं चाललं ते कळणारच नाही."

दयारामनं शुक्रवारी संध्याकाळी लावलेली सात नंबरची झेंडी भगवंतानं मोडली नाही. लोकांची वस्तू म्हणून नीट नेऊन धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवली.

रविवारी सकाळी सातला जानेफळची गाडी आली. देऊळगाव राजाहून पोरं पहिल्या बसनं निघून चिखलीवरून आली. एकतीस धावणारे. शाळेच्या मैदानावर टेबल, पाण्याचे दोन ड्रम, दोरीवर नंबरांची कापडं. दर तीन मिनिटांनी एकजण सुटायचा. त्याआधी दहाही झेंड्या तपासायच्या असतात. दयारामचा पाय आठ दिवसांच्या फिती लावण्यानं सुजला होता. तो म्हणाला, "चाचा, एक ते पाच मी पाहतो. तुम्ही सहा ते दहा पाहून या. जागेवर आहेत न, एवढंच सांगा."

मी गेलो, पाहिलं, परत आलो.

"आहेत," मी म्हटलं.

ओटा गेला हे मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर का गेला तेही सांगावं लागलं असतं. पिंजाऱ्याच्या तोंडाला शरम आली ती अशी नको त्या वेळी.

मग मी जाऊन भगवंताच्या धुऱ्यावर बसलो. सोजरावहिनी आधीच तिथं होती. मांडीशी तांब्या. शनिवारचं पाणी तिनं ओतलं नव्हतं, आणि आज ते कुठं ओतायचं ते तिला समजत नव्हतं. भगवंता गाडीच्या जोखडाला टेकून साहेबांची वाट पाहत होता.

साहेब आले नाहीत. पोरं आली. नाल्याच्या वळणातून वर यायची, नकाशा पाहायची, नांगरटीत घुटमळायची. मग बाभळीवरची झेंडी दिसायची की आरडत तिकडं पळायची, टोचा पाडायची आणि पुढं. एकामागून एक. भगवंता पाहत राहिला. मला वाटलं आता तरी त्याला पटेल. तो हळूच म्हणाला, "पोरं बी आणली यायनं. कोणाले संशय येऊ नये म्हणून."

बावीस नंबरची पोरगी आली तेव्हा ऊन चढलं होतं. डिंपल नाव तिचं, नंतर कळलं. बारावीतली, उन्हानं लाल झालेली. तिलाही बाभळीवरची झेंडी दिसली. ती झेंडीपाशी गेली, चिमटा हातात घेतला, नकाशा पाहिला, आणि टोचा न पाडता चिमटा सोडून दिला.

"हे चूक आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

ती धावत मागं नाल्याच्या वळणापर्यंत गेली. तिथून कंपास धरला आणि ओठांत पावलं मोजत सरळ नांगरटीत शिरली. ढेकळांत पाय मुरगळत होते, पण रेघ सोडली नाही. मधोमध येऊन थांबली. आजूबाजूला पाहिलं. काही नाही. पुन्हा नाल्यापर्यंत गेली, पुन्हा मोजत आली. तिथंच येऊन उभी राहिली. तिच्यामागून सुटलेली तीन पोरं टोचा पाडून निघून गेली. एकानं जाता जाता आवाज दिला, "अवं, झेंडी इकडं आहे! नंबर जाईन तुहा!"

"जाऊ दे," ती म्हणाली. जागा सोडली नाही.

वहिनी उठली होती.

"मावशी," पोरीनं विचारलं, "इथं ओटा होता काय?"

वहिनी ढेकळं तुडवत तिच्यापाशी गेली. मीही मागं गेलो.

"कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. नकाशात आहे न." पोरीनं कागद तिच्यापुढं धरला. वहिनीला वाचता येत नाही. पोरीनं तिचं बोट धरून त्या मोहरीएवढ्या ठिपक्यावर ठेवलं. "हा नाला. हा धुरा. अन् हा ओटा. नकाशा चुकला नाही मावशी, मी दोनदा मोजलं. याच जागेवर पाहिजे. माह्या पायाखाली."

"आहे अजून?" वहिनी म्हणाली. "कागदात आहे तो?"

"हाव. आहे न."

वहिनी खाली बसली. पोरीच्या बुटांपाशी माती दोन्ही हातांनी उकरली. चार बोटं खाली चुन्याचा एक कपचा निघाला, नखाएवढा. मग दुसरा. तिनं ते पदरात घेतले नाहीत, कपाळाला लावले नाहीत. तिथंच परत मातीत ठेवले आणि तांब्या उपडा केला. दोन दिवसांचं पाणी. काळी माती ते गटागटा प्यायली.

पोरगी भांबावून माझ्याकडं पाहत होती. "आजोबा, मी काही चुकीचं बोलली काय?"

"नाही बेटा," मी म्हटलं. "तू एकटीच बरोबर आहेस."

तिनं आपली पाण्याची बाटली काढली आणि वहिनीच्या शेजारी ठेवली. आठ नंबरच्या दिशेनं चार पावलं गेली, मग परत आली, आणि पायातल्या बुटाच्या टाचेनं त्या जागेभोवती खोल गोल ओढला. मग गेली.

दयारामला मी सगळं सांगितलं. संध्याकाळी, पोरं गेल्यावर. त्यानं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तो म्हणाला, "सकाळी तुम्ही म्हणाले होते, आहेत," आणि दोरी गुंडाळायला लागला. सात नंबर त्यानं निकालातून काढून टाकला, त्यामुळं बाभळीवर टोचा पाडणाऱ्यांचं काही गेलं नाही. डिंपलचा गेलेला पाऊण तास काही परत आला नाही. ती शेवटून दुसरी आली. जाताना मात्र तिनं आपला नकाशा दयारामकडं दिला, मावशीला द्या म्हणून.

तीन दिवसांनी भगवंतानं दगड परत आणले. टाचेचा गोल अजून होता. पायाचा मोठा दगड मीच उचलला, कोणी सांगायच्या आत. त्यानं एकेक दगड पारखून रचला, वहिनी कोणता कुठं होता ते सांगत होती. तोवर मी नाल्यातली माती आणून, भुसा टाकून, चांगला लोण्यासारखा चिखल मळला आणि घमेलं त्याच्यापाशी नेऊन ठेवलं.

"चिखल राहू दे," तो म्हणाला.

"काऊन? असा कसा टिकन?"

"उचलायले जड जाते मंग."

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो. माझे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते.

"भगवंता. रस्ता नाही येत बे."

"हाव," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "नाहीच येत."

आणि पुढचा दगड कोरडाच ठेवला.